पिवळ्या डोक्याचं पाखरू पाहायला उमरेडहून नागपूर

नागपूरला जायचं ठरलं ते एका पाखरासाठी. सिव्हिल लाइन्समधल्या एका मडमेचा खानसामा उमरेडला आमच्या घरी आला होता. साहेबांच्या भावानं दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरी जंगलातून टॅनेजर नावाचं पाखरू आणलंय, त्याच्या रंगांची रेशमी ओढणी विणून हवी, म्हणाला. विणतो मी, पण सूत रंगवते माझी बायको यशोदा. तिनं स्वतः पाहिल्याशिवाय रंग जमणार नव्हते.

"काय खात असन गा ते?" म्हणत तिनं डाळिंबाचे दाणे पदरात बांधून घेतले.

जाणाऱ्यांनी सकाळची छोटी गाडी धरावी. रमतगमत जाते, पण ऊन चढायच्या आत पोचवते. नागपुरात इतवारी स्टेशनावर उतरलं की टांगेवाले अक्षरशः हात ओढतात. जो गप्प उभा असेल त्याचाच टांगा करा. आम्ही जुम्मा तलावाकाठी झुणका-भाकर खाल्ली आणि बंगल्यावर गेलो.

व्हरांड्यात मडमेसमोर खानसाम्यानं एक खोका उघडला. पिवळंधम्मक डोकं, डोळ्यांवरून काळा पट्टा, निळे पंख. यशोदा हरखून वाकली आणि तशीच थिजली. डोळ्यांच्या जागी कापूस होता. पायाला चिठ्ठी बांधलेली.

"मेलेलं हाय गा हे!"

मीही पिंजराच डोळ्यांसमोर ठेवून आलो होतो.

"एवढ्या दुरून जितं कसं येईन, बाई?" खानसामा हसला. "आत ट्रंकभर हायेत. टोप्यांवर लावतात."

त्यानं एक ताट आणलं. तसलीच पाखरं, पाठीवर, ओळीनं निजवलेली. मी मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो. मडम काहीतरी गोड हसून बोलली. "नमुना घेऊन जा म्हणतात," म्हणत खानसाम्यानं एका पाखराचा पंख मोडून पुढे केला. काडी मोडावी तसा आवाज झाला.

यशोदानं हात मागे घेतले. "मले नको. रंग ध्यानात हायेत."

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर पाहत बसली.

"काय पाहून राहिली वं?"

"पिवळा उठून दिसन का, ते पाहून राहिली," एवढंच म्हणाली.

शब्द दिला होता, म्हणून ओढणी विणून दिली. रंग हुबेहूब उतरले. मला त्या कापडाला हात लावताना मात्र दर वेळी तो आवाज ऐकू यायचा. महिनाभरानं खानसामा पुन्हा दारात: आता लाल पाखरू आलंय, तुमच्या बाईंना घेऊन या. माग रिकामा होता. तरी मी नाही म्हटलं, यशोदाला न विचारता.

ती आतून आली, खानसाम्याला पाणी दिलं आणि माझ्याशेजारी येऊन बसली.