बंदरातलं चर्च आणि आमची पंगत

माझा थोरला भाऊ अण्णा बाटला, असं शहापुरातल्या आमच्या गल्लीनं ठरवलं, ते एका पावापायी आणि एका गाठीपायी. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं तापतं.

महायुद्धाच्या काळात सूत मिळेना, माग बंद पडले, तेव्हा अण्णा मुंबईला गेला आणि नॉर्वेवाल्यांच्या जहाजावर कोळसा ओढायला लागला. विलायतेतल्या एका बंदरात त्या लोकांनी आपल्या खलाशांसाठी चर्च बांधलं होतं. घरापासून लांब पडलेली माणसं तिथं जमायची, आपल्या मुलखाची वर्तमानपत्रं वाचायची, कॉफी प्यायची. कडाक्याच्या थंडीत पाद्र्यानं अण्णालाही आत बोलावलं आणि वेलची घातलेला गोड पाव त्याच्या हातावर ठेवला. चर्चच्या आढ्याला लाकडाचं छोटं जहाज टांगलेलं होतं. समुद्रावरच्या माणसांची आठवण म्हणून तशी त्यांची रीतच आहे. त्याची दोरी विरली होती. अण्णानं शिडीवर चढून ती सांधली, मागावर ताण्याचा तुटलेला उभा धागा आपण सांधतो तशी, बारीक गाठ मारून.

परत आल्यावर हे त्यानं गल्लीतल्या विणकरांना सांगितलं. कौतुकानं सांगितलं हो! आपली गाठ साता समुद्रापार कामाला आली, याचं त्या भोळ्याला अप्रूप. पण ऐकणाऱ्यांना गाठीचं काय! त्यांना फक्त चर्च आणि पाव ऐकू आला.

"किरिस्तावाच्या देवळात खाल्लास, वर त्येंच्या देवाची सेवा केलास. शुद्ध झाल्याबिगर पंगतीला बसायचं न्हाय," पंचांनी सुनावलं. माझं लग्न तोंडावर आलं होतं. याच पंचांना लष्करी कॅम्पातल्या गोऱ्या मडमा साड्यांचं कापड घेऊन घरी बोलवायच्या, तिथला चहा यांना चालायचा. तेव्हा नाही कुणी बाटलं!

मी वडिलांशी कडाकडा भांडले. आप्पा खाली मान घालून म्हणाले, "तुझं लगीन मोडंल गं." मग अण्णानं मिशी उतरवली, पंचगव्य घेतलं, सगळ्यांसमोर नाक घासलं. माझ्यासाठी. त्या दिवशी मला माझ्या लग्नाचीच किळस आली.

एवढं करूनही लग्नाच्या पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामेच. तोंडानं शुद्ध म्हणायचं आणि शेजारी बसायचं नाही, ही कुठली रीत? वाढपी त्याला टाळून पुढं गेले. अण्णा कोऱ्या पानाकडं बघत बसला होता.

मी मुंडावळ्यांसकट उठले आणि त्याच्या शेजारच्या पाटावर जाऊन बसले.

"नवरीनं असं उठू न्हाय गं!" सासूबाई ओरडल्या.

"मग वाढा की आमा दोघांस्नी," मी म्हणाले.

कुणी हललं नाही. शेवटी आप्पांनी भाताचं पातेलं उचललं. आधी अण्णाला वाढलं, मग मला, आणि पातेलं खाली ठेवून ते अण्णाच्या दुसऱ्या बाजूच्या पाटावर बसले.