आईचा सूर पाच फुटांचा

मला राग आला की मी तडक उठून निघते. त्या दिवशी विहार समितीच्या बैठकीतून तर चप्पल न घालताच निघाले, म्हणजे बघा. कळंबजवळच्या आमच्या गावात नवा बुद्धविहार बांधायचा होता आणि समितीचे अध्यक्ष, म्हणजे माझे सख्खे काका, म्हणाले, "नकाशा कायले पाहिजे? शेजारच्या गावात झाला तसाच चौकोनी हॉल, खाली टाईल्स, वरून पीओपी. ठेकेदार तयार हाय." मी यवतमाळात आर्किटेक्ट, आणि हे माझ्याच तोंडावर!

शेजारच्या गावचा तो हॉल मला चांगला ठाऊक होता. दिसायला झकपक, पण एक शब्द बोला की चारही भिंतींवरून परत अंगावर येणार. आईने तिथेच हात टेकले होते. आमच्या गावात बुद्धवंदना सांगायची ती आईनेच. ती पुढे म्हणणार, बाकीचे मागून. कान असे तिखट की शेवटच्या रांगेत कोणी अक्षर खाल्लं तरी डोळे न उघडता म्हणायची, "शब्द गिळू नका." मग तिला कमी ऐकू यायला लागलं. कानाचं मशीन आलं. घरातलं बोलणं त्यातून नीट कळायचं, पण टिनाच्या जुन्या विहारात सगळे आवाज एकमेकांत कालवले जायचे. शेजारच्या गावाने पौर्णिमेला मानाने बोलावलं, तर त्या चकचकीत हॉलमध्ये ती मध्येच थांबली. लोक कुठल्या ओळीवर आहेत तेच तिला कळेना. घरी येऊन म्हणाली, "आता मी नाई जात. मले नुसतं गूं गूं ऐकू येते." तेव्हापासून वंदनेच्या वेळी ती मशीन काढून फ्रीजवर ठेवायची आणि भाजी निवडत बसायची. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून मी परत गेले. एक तर चप्पल घ्यायला, आणि दुसरं काकांना सांगायला: "मला एक रविवार द्या. आवाजालाच विचारू, तुला घर कसं पाहिजे."

"आवाजाले घर!" काका खो खो हसले. पण दिला रविवार. नाही जमलं तर ठेकेदार, हेही बजावलं.

जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे गावातलाच. त्याचा भलामोठा स्पीकर आम्ही जुन्या विहारापुढे उताणा ठेवला. त्याच्यावर काळा रंग दिलेला पातळ पत्रा, मधोमध एकाच बोल्टवर कसलेला. पत्र्यावर पांढरी रांगोळी भुरभुरवली. आवाजाने पत्रा थरथरतो; जिथे फार थरथरतो तिथून रांगोळी पळते, जिथे शांत असतो तिथे जमते आणि रेघा उमटतात. कॉलेजात हे यंत्राच्या सुरावर पाहिलं होतं. माणसांच्या आवाजावर होईल की नाही, कुणास ठाऊक! पण मी छातीठोकपणे "होणारच" म्हणून बसले होते.

पांढऱ्या साड्या नेसून बाया आल्या, माइकपुढे उभ्या राहिल्या, वंदना सुरू झाली. रांगोळी नुसती उडाली आणि ढिगारे झाले. पुन्हा म्हटली, पुन्हा ढिगारे. काका म्हणाले, "पोरी, पोहे खाऊन घे. लय मेहनत केली." माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू!

तेवढ्यात कडुनिंबाखालून आईचा आवाज आला. माझं काम म्हणून ती आली होती, पण लांब उभी होती, मशीनवर हात धरून. "अवं, त्याचा इको बंद करा ना! माह्या कानाचा भुगा करून राह्यले."

इको! आमच्याकडे लग्न असो, भाषण असो, वंदना असो, इको लावल्याशिवाय माइक हातात देतच नाहीत. इतकी सवय झालेली की मलाही जाणवलं नाही.

"ताई, इको बिना मजा नाई येत," डीजेवाला म्हणाला.

"बंद कर म्हणते ना!" मी ओरडले.

त्याने बटण फिरवलं. बायांनी ओळीचा शेवटचा स्वर लांबवला, आणि रांगोळी धावली! खरंच धावली. मधून एक वाट निघाली, दोन्ही बाजूंना कमानी वळल्या, बघता बघता पिंपळपानासारखा आकार उभा राहिला. "अरे बाप्पा!" बाया ओरडल्या. काका इतके वाकले की त्यांचा चष्मा रांगोळीत पडला. तो तसाच पांढरा चष्मा चढवून तेच ओरडायला लागले, "पुन्हा म्हणा! पुन्हा म्हणा ना!"

"मी म्हणू?" आईने विचारलं.

ती एकटी उभी राहिली आणि सूर धरला. आकार आणखी रेखीव आला. मी मोबाइलवर सूर मोजला, गणित केलं आणि टेप ओढून तिच्यापुढे धरली. "आई, तुझ्या सुराची एक लाट एवढी लांब. पाच फूट."

तिने टेप आपल्या शेजारी उभी धरून पाहिली. "म्हंजे माह्याएवढीच की!"

त्याच मापावर मी विहार काढला. भिंती त्या रांगोळीच्या कमानींसारख्या वळवल्या, पाच-पाच फुटांवर आत-बाहेर दुमडल्या. लांबी मात्र पाचाच्या पटीत येऊ दिली नाही, नाहीतर नेमका तोच सूर घुमला असता. नुसत्या आकाराने घुमणं थांबत नाही, म्हणून आतून आवाज शोषून घेणाऱ्या भोकाच्या विटा लावल्या. मिस्त्री रोज कुरकुरायचे, "मॅडम, एक तरी भिंत सरळ द्या ना!" मी एकही दिली नाही.

छप्पर चढलं, रंग बाकी होता, तरी पौर्णिमेला वंदना ठरली. माइक नाही. आई मशीन लावून पुढे बसली. मी भिंतीला टेकून उभी. इथेही ती थांबली तर?

तिने पहिली ओळ म्हटली. मागून सगळ्यांनी म्हटली. दुसरी झाली, तिसरी झाली. मग ती थांबली.

आईचे डोळे मिटलेलेच होते. "भाऊजी," ती म्हणाली, "शब्द गिळू नका."

शेवटच्या रांगेत बसलेल्या काकांनी हात जोडले आणि ती ओळ पहिल्यापासून म्हटली.