गोऱ्या बाईचा ओटा

सन १९४७. मी बावीस वर्षांचा होतो आणि माझ्यापेक्षा शहाणा माणूस अमरावतीत असेल असं मला वाटत नव्हतं. शाळा चौथीतच सुटलेली, पण बेचाळीसच्या चळवळीत राजापेठेत पाठीवर एक लाठी खाल्ली होती. ज्याला त्याला सदरा वर करून ती दाखवायचो. वळ कधीच मिटला होता, तरी दाखवायचो.

आमचा मळा बडनेऱ्याच्या रस्त्यानं. वांगी, मेथी, थोडा झेंडू. सकाळी बैल मोटेला जुंपलेले, म्हणून बाजाराला बैलबंडी नाही. बाया आपापल्या वेळी, एकेकट्या, टोपली डोक्यावर घेऊन राजापेठेच्या बाजारात जायच्या. माझी मायही त्यांच्यातच. वाट लांब. मध्ये एकदा टोपलं उतरवून दम घ्यावाच लागे, आणि भरलं टोपलं उतरवायला अन् पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतो. एकट्यानं करून पाहा म्हणजे समजेल. मायचा तर उजवा खांदा कामातून गेलेला.

अर्ध्या वाटेवर आमचाच एक पडीक तुकडा होता आणि त्याच्यासमोर कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या खोल्या. तिथं एक गोरं जोडपं राहायला आलं. तो फॅक्टरीतली यंत्रं दुरुस्त करायचा. ती उंच, हडकुळी बाई. सकाळी रस्त्यावर येऊन उभी राहायची, एकेकीचं टोपलं खांद्याशी झेलून उतरवायची, पाणी द्यायची, पुन्हा चढवून द्यायची. मराठीचा एक शब्द येत नव्हता. ती "हं" म्हणायची, बायाही "हं" म्हणायच्या. वर्षभर कारभार तेवढ्यावर चालला.

मला ते खपत नव्हतं. गोरा म्हणजे इंग्रज, एवढाच माझा अभ्यास. आमच्या मोहल्ल्यात तुरुंगात जाऊन आलेले एक मास्तर होते, त्यांना इंग्रजी येई. त्यांनी समजावलं की हे पोलंडचे आहेत. जर्मनांनी देश घेतला तेव्हा दोघंही भूमिगत राहून लढले. लढाई संपली तर देशावर दुसऱ्याचाच अंमल बसला, परत जायची सोय राहिली नाही. ऑस्ट्रेलियाच्या बोटीत जागा मिळेस्तोवर इथं आहेत. मी म्हटलं, कातडं तर तेच आहे ना. मास्तरांनी चष्मा पुसला आणि विषय सोडला.

संक्रांत झाली आणि ते दोघं बोटीसाठी मुंबईला गेले. आठ दिवसांत मायनं एकटीनं टोपलं उचलायचा हट्ट केला. मेथी रस्त्यावर, माय रस्त्यावर. दुखरा खांदा धरून घरी आली आणि म्हणाली की आता आपला बाजार बंद. बाजार म्हणजे मायचं अर्धं आयुष्य. दोन दिवस ती बांधावर नुसती बसून राहिली. ते मला पाहवत नव्हतं.

तेवढ्यात मास्तर चार लोक घेऊन आले. त्या दोघांचं स्मारक करायचं, पण पुतळा नाही, टोपलं टेकवायचा उंच ओटा. विटा मोहल्ला देणार, जागा तेवढी माझी हवी. मी म्हटलं, ओटा खुशाल बांधा, पण माझ्या जागेत गोऱ्यांची पाटी लागणार नाही. मायनं आतून ऐकलं. पाटी नसेल तर त्या ओट्यावर माझं टोपलं टेकणार नाही, म्हणाली. झालं. ती माझीच माय होती, हट्टाला कमी कशी पडेल?

लोक गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"तुह्या पाठीवर एक लाठी पडली, तं तू पाच वर्षं दाखवून राहिला. म्या त्याच साली मेथीखाली मास्तरची पत्रकं नेली. नाक्यावर शिपायानं टोपल्यात हात घातला होता. तुले मालूम होतं काय?"

मला मालूम नव्हतं. काहून सांगितलं नाही, म्हणून विचारलं.

"तुले सांगतलं असतं, तं तू साऱ्या राजापेठेले सांगतलं असतं."

मग तिनं उरलेलं सांगितलं. ती गोरी बाईही तिकडं टोपल्यात आलू भरून खालून चिठ्ठ्या न्यायची, शिपायांच्या नाकासमोरून. मास्तरांनी एकीचं दुसरीला सांगितलं, तेव्हा दोघी एकमेकींकडे पाहून "हं" म्हणाल्या होत्या.

मी दुसऱ्या दिवशी जागा दिली. सदरा मात्र त्यानंतर कोणासमोर वर केला नाही.

गवंड्यानं ओटा त्या बाईच्या खांद्याच्या अंदाजानं बांधला. माझ्या बुटक्या मायच्या तो कपाळाला लागत होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं की आता शेजारी शिडीही बांधा. कोणी हसलं नाही. पाटी बसली: पोलंडच्या दोघा भूमिगतांसाठी, मोहल्ल्याकडून. मायनं नारळ फोडला, खोबरं वाटलं, संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैल जुंपलेच नाहीत. मायचं टोपलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि निघालो, माय मोकळ्या हातानं मागं. रस्त्यात बाया विचारत होत्या, काहून बाप्पा, सून झाला काय मायची. ओट्यापाशी गुडघे वाकवून मायएवढा बुटका झालो आणि मान जराशी पुढं केली. टोपलं डोक्यावरून सरळ ओट्याच्या फरशीवर सरकलं, मेथीची एक काडी पडली नाही. शिडी लागणार नव्हती. मायनं मला बाजूला सारलं, चुंबळ नीट केली, टोपलं ओट्यावरून आपल्या डोक्यावर ओढून घेतलं आणि राजापेठेकडे चालू लागली. मी म्हटलं, पोचवून देतो. ती थांबली नाही. मग मीही मळ्यात परतलो आणि बैल मोटेला जुंपले.