भावी जावयाच्या गावाची चौकशी

माझ्या साडूंनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवलेला नाही. यात माणसं, दूध, लिफ्ट, हवामानाचा अंदाज आणि आमचं लग्न ही सगळी आली. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा हे गृहस्थ माझ्या पुण्यातल्या ऑफिसात न सांगता येऊन गेले होते. मी खरंच तिथे नोकरीला आहे का, एवढंच बघायला. मी आहे असं कळल्यावर परत जाताना त्यांनी शिपायाला विचारलं, "बरं, पण हे ऑफिस खरं आहे ना?" हे मला पुढे कित्येक वर्षांनी त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना चेहऱ्यावर असा भाव होता की त्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर अजून यायचं आहे.

अशा माणसाला नियतीने सिंगापूरला आणून ठेवावं हा एक विनोदच. या गावात लोक टेबल अडवायला खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवून खुशाल जेवण आणायला जातात, आणि परत येईपर्यंत पाकीटही जागेवर असतं, खुर्चीही. साडूंना हे बघवत नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, गेलो की ते मला टेबलावर राखणीला बसवतात, आणि टिश्यू खिशात ठेवतात. कॉफीवाल्या आजीबाईंना "साखर कमी" म्हणून सांगितलं की त्या चमचा कुठवर बुडवतात ते वाकून बघतात. ती आजी आता त्यांना बघितलं की काही न बोलता साखरेचा डबाच काऊंटरवर आणून ठेवते. नोकरीही देवाने त्यांना स्वभाव बघूनच दिली. जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात ते सेफ्टीत होते. पाइप, झडपा, सांधे, कुठे काही गळतंय का हे बघणं हे काम. "गळती नाही असं जो छातीठोक सांगतो ना, त्याच्याच सांध्यापाशी आधी नाक न्यायचं," हे त्यांचं जगाविषयीचं एकूण मत. कंपनीच्या बसमधून उतरल्यावर रखवालदाराने चेहरा ओळखून नुसताच हात हलवला तर हे परत मागे जाऊन त्याला पास दाखवायचे आणि वर दमही द्यायचे, "मी मीच आहे कशावरून?"

हे निवृत्त झाले आणि सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये घरी बसले, तेव्हा माझ्या मेहुणीचं, म्हणजे ताईंचं, काय होणार याची आम्हाला काळजी वाटली होती. पहिले काही महिने त्यांनी गॅसची नळी, शेजाऱ्यांच्या कुंड्या आणि मांजरांच्या येण्याजाण्याच्या वाटा यांवर काढले. मग एका रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलेलो असताना त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, मुक्ताने, अळूवडीचा घास हातात तसाच धरून सांगितलं, "बाबा, मी रेमीशी लग्न करणार आहे."

रेमी फ्रेंच. मुक्ताच्याच ऑफिसातला. साडू रागावले नाहीत. ते रागावत नाहीतच, चौकशी करतात. त्यांनी ताक संपवलं, वाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मूळ गाव कुठलं?"

पॅरिस म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पॅरिस आहे हे त्यांना साधारणपणे मान्य होतं. पण रेमी निघाला फ्रान्सच्या अगदी पोटातल्या एका खेड्यातला. त्या खेड्याचं नाव लिहिलं तर अर्धी ओळ खातं आणि उच्चारलं तर 'ब्रुय' एवढंच ऐकू येतं. साडूंना पहिला संशय तिथेच आला. "इतकी अक्षरं लिहायची आणि बोलताना एवढीच? बाकीची जातात कुठे? मधे कुठेतरी गळती आहे."

तेव्हापासून त्यांनी ब्रुयचा अभ्यास सुरू केला. मुलाची चौकशी करायला तिथे ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी गावाचीच चौकशी आरंभली. "माणूस तोंडाने काहीही सांगेल हो, पण डोंगर कसा खोटं बोलेल?" असं मला म्हणाले. आकाशातून काढलेली चित्रं आणि जुने नकाशे ते न्याहाळत बसत, आणि तिथल्या चर्चने कोणे काळी इंटरनेटवर टाकून ठेवलेली माहिती फोनला वाचायला लावून इंग्रजीत उतरवून घेत. फोनची भाषांतरं अशी की एका ठिकाणी पाद्रीबुवांनी गाईला घंटाघरात वाजवलं होतं. साडूंनी त्याच्यावरही दोन दिवस विचार केला.

मी सेरंगूनच्या आमच्या घरून शनिवारी त्यांच्याकडे गेलो की ब्रुयची नवी हकीकत तयार असायची. गाव एका लांबट टेकडीच्या पाठीवर बसलेलं, खाली ओढ्यापेक्षा जरा मोठी नदी, उतारावर चेस्टनटची झाडं. जमीन खडकाळ, पिकायचं थोडं, म्हणून गाई. मठातल्या साधूंनी फार पूर्वी तिथे तळी खोदली आणि मासे पाळले. "साधूंना मासे कशाला?" साडू डोळे बारीक करून विचारत. उपासाला त्यांना मटण चालत नसे पण मासे चालत, हे कळल्यावर ते म्हणाले, "वाटलंच मला." टेकडीच्या टोकाला एक गढी होती, ती इंग्रजांबरोबरच्या लढायांत जळाली, आणि तिचे दगड हळूहळू नाहीसे झाले. ते कुठे गेले याचा छडा साडूंनी सेम्बावांगमध्ये बसून लावला. गावातल्या जुन्या गोठ्यांच्या फोटोंत मधेच एखादा सुबक घडवलेला चिरा दिसतो, त्यावर बोट ठेवून ते मला म्हणाले, "हे बघा. अख्खं गाव सामील आहे."

पण त्यांना सगळ्यात खटकली ती गावातल्या पुरुषांची गोष्ट. जमीन पोट भरेना म्हणून तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकाम शिकले. थंडी सरली की घोळक्याने चालत पॅरिसला जायचे, लोकांच्या हवेल्या बांधायचे, आणि हिवाळ्यात परत यायचे. मग आगगाडी आली आणि जाणं सोपं झालं, तसं परत येणं कमी झालं. "बघा, घर सोडून जाणाऱ्यांचं गाव आहे ते," साडू म्हणाले. मी म्हटलं, "अहो, पण आपण तरी वेगळं काय केलं?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की ऑफिसातल्या त्या शिपायाला विचारलेला प्रश्न पुन्हा विचारतील असं मला वाटलं.

आणि मग एका रविवारी रेमीला जेवायला बोलावलं. उंच मुलगा, हसरा, गुडघे टेबलाखाली मावत नव्हते. ताईंनी भरली वांगी केली होती. ती त्याने चवीने खाल्ली आणि ताईंना आपल्या आजीच्या गोष्टी सांगितल्या. चर्चसमोर बेकरी आहे, सकाळी आजी मला पाव आणायला पाठवते, आणि घरी पोचेपर्यंत पावाचं टोक मी खाल्लेलं असतं, वगैरे. ताई विरघळल्या. साडूंनी घसा साफ केला. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण सूर चौकशी समितीचा होता.

"तुमच्या गावची नदी कुठून कुठे वाहते?"

रेमी गोंधळला. "म्हणजे... आमच्या खिडकीतून बघितलं तर डावीकडून उजवीकडे."

"पुलाला कमानी किती?"

"तीन?"

"दोन. तिसरी वाहून गेली. आणि ही तुमची बेकरी." साडूंनी फोन पुढे सरकवला. फोटोत चर्चसमोर एक दुकान होतं. फळ्या लावलेल्या, रंग उडालेला, दारावर 'विकणे आहे' अशा अर्थाची पाटी. "शाळा बंद. पोस्ट बंद. आणि तुम्ही सांगताय की आजी पाव आणायला पाठवते. आजी कुठे आहेत?"

"आजी गेली," रेमी म्हणाला. "मी शाळेत होतो तेव्हाच. बेकरी त्यानंतर बंद झाली."

"मग 'आहे' कशाला म्हणालात?"

रेमीने फोनकडे बघितलं. रागावला नाही. हळू आवाजात म्हणाला, "'होती' म्हटलं की मला तिथे जाता येत नाही, अंकल."

मुक्ता मात्र उठली. लहानपणापासून राग आला की तिची मराठी पहिली पळते आणि इथली सिंगापुरी इंग्रजी उरते. "बाबा, यू डोन्ट बी लाईक दॅट, ला! ही इज नॉट युवर पाइप!" दार आपटलं. त्यानंतर तिचं रविवारचं येणं बंद झालं, फोनही ती आईला करायची आणि बाबा घरी नसतील ती वेळ साधून करायची. ताईंनी स्वयंपाक चालू ठेवला, बोलणं बंद केलं. साडू एकटे टेबलाशी बसून जेवत. मला वाटलं आता तरी माणूस हलेल. शनिवारी गेलो तर म्हणतात, "मुलगा खरा असता तर चिडला असता. चिडला का नाही, हा मुद्दा आहे." पण हे सांगताना त्यांनी डाव्या हाताने पाणी दोनदा ओतलं आणि ग्लास भरलेला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

पुढे रेमीचे वडील मुलाला भेटायला सिंगापूरला आले. मुक्ताचा मला फोन आला, "काका, तुमच्या घरी बोलवा ना सगळ्यांना. बाबांना तुम्ही सांभाळा." मी हो म्हटलं, आणि आमच्या हिने पुरणपोळीचा घाट घातला. ठरल्या दिवशी दार उघडलं तर समोर एक ठेंगणे, रुंद, म्हातारे गृहस्थ. जन्मभर गवंडीकाम केलेले, हात फावड्यासारखे. बूट काढले, आत आले, आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी त्यांनी आमच्या हॉलच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठकठक केलं, कान लावला, आणि मुलाकडे बघून नाराजीने मान हलवली. भिंत त्यांना पटली नव्हती. साडू सोफ्यावरून हे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आदर उमटलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

जेवणं सुरू झाली. म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. मुलं मधे दुभाषी; मुक्ता रेमीकडून फ्रेंच शिकली होती. थोडा वेळ सगळे पुरणपोळीबद्दल बोलले. मग साडू पुढे सरकले. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, त्यांनी तो बाजूला घेतला आणि मुक्ताला म्हणाले, "विचार त्यांना. चर्चजवळ पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा जो दगड आहे, त्यावर एकाच आडनावाची चार नावं आहेत. ते भाऊ, की चुलत भाऊ?"

मुक्ताने दातओठ खात फ्रेंचमध्ये विचारलं. म्हाताऱ्यांचा घास हातात राहिला.

"तीन भाऊ," रेमीने वडिलांचं उत्तर सांगितलं, "आणि त्यांचा काका. काका सगळ्यात धाकटा होता."

मग साडूंनी गढीचे दगड विचारले. म्हातारे हसले आणि म्हणाले, आमच्या गोठ्याच्या उंबऱ्याला एक आहे, पण कोणाला सांगू नका. तिसरी कमान कशी गेली ते विचारलं. पॅरिसला जाणारे गवंडी कुठल्या वाटेने जात ते विचारलं. म्हाताऱ्यांनी मीठ, चमचे आणि वाट्या मांडून टेबलावर वाट काढून दाखवली. आपली पणजी आठ-नऊ महिने एकटीने गाई कशा सांभाळायची, नवरा परत आला की पोरं त्याला परका समजून कशी रडायची, हे सांगितलं. भाषांतर करता करता रेमी मधेच थांबला. "हे मला माहीतच नव्हतं," असं तो मुक्ताला म्हणाला. म्हाताऱ्यांनी ते ओळखलं असावं. ते काहीतरी पुटपुटले. रेमीने ते सांगितलं नाही, मुक्ताने सांगितलं, "ते म्हणतायत, तू कधी विचारलंस?"

दुपार कलली. म्हाताऱ्यांनी साडूंना विचारलं, तुम्ही आमच्या गावाला कधी आला होतात? साडू म्हणाले, कधीच नाही. यावर म्हाताऱ्यांनी डोळे बारीक केले आणि मुलाच्या कानाशी लागले. रेमीचा चेहरा लाल झाला.

"काय म्हणतायत?" साडूंनी विचारलं.

"ते म्हणतायत... सॉरी, अंकल... हा माणूस खोटं बोलतोय."

मग साडू हसले. त्यांना मी इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मुक्ताही हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नसावं. तिने वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि त्यांनी ते टेकू दिलं. घरी जाताना लिफ्टपाशी त्यांनी ताईंना आपला निकाल सांगितला. "बाप खरा आहे. मुलाची अजून खात्री नाही. पण खात्री होईपर्यंत लग्न करायला हरकत नाही."

लग्न झालं. मुलं काही काळ इथेच राहिली. मग म्हातारे घसरून पडले, त्यांचं एकट्याने राहणं अवघड झालं, आणि रेमी-मुक्ता घरून करायची कामं घेऊन ब्रुयला गेली. "थोड्या दिवसांसाठी जातोय, बाबा," असं मुक्ता विमानतळावर म्हणाली. साडूंनी त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि या वेळी त्यांचा संशय खरा निघाला.

परवा सेम्बावांगच्या समुद्राकाठी आम्ही बसलो होतो. समोर खाडी, पलीकडे मलेशिया. मुक्ताचा फोन आला. साडूंनी तिला विचारलं की आज दरीत धुकं किती आहे. ती सांगत राहिली. धुकं चर्चच्या छपरापर्यंत आलंय, गाई दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. ते ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अहो, रोज धुकंच काय विचारता? मुलगी सुखात आहे का, ते विचारा की एकदा."

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "विचारलं तर ती हो म्हणेल. आणि मला ते खरं वाटणार नाही. तुम्हाला माहीतच आहे माझा स्वभाव." मग म्हणाले, "धुक्याबद्दल बोलताना ती विसरते की बाबा ऐकतायत. मग आवाज कळतो."

"आज कसा होता आवाज?"

त्यांनी फोन खिशात ठेवला, उठले, पँटची वाळू झटकली.

"आज बरा होता," ते म्हणाले. "आज बरा होता, असं वाटलं."