चिखलदऱ्याच्या घोडीचे केस

“खरजुली हाये हे. परण्याले आणता का हिले?”

हे वाक्य गोठ्याच्या कुडापलीकडून आलं. बोलणारे माझ्या होणाऱ्या वहिनीचे मामा होते. लग्नाची बोलणी करायला ते अकोल्याहून आले होते आणि जेवण झाल्यावर मोठेबाबांनी त्यांना हौसेनं घोडी दाखवायला आणलं होतं. मी कुडाच्या अलीकडे घोडीच्या पोटाशी वाकून खरारा करत होते. ओढणीवर केस, भुवयांवर केस, ओठांना चिकटलेले केस. त्यांना मी दिसत नव्हते. मला कुडाच्या फटीतून त्यांचे पांढरे बूट दिसत होते. ते बूट दोन पावलं मागे सरकले.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, आणि नवरदेवाचे वडील. कोणी एक बोललं तर चार ऐकवणारा माणूस. पण या वेळी एवढंच म्हणाले, “दिष्ट लागली असन. होते बरी.”

“होते तं होऊ द्या. पण सोयऱ्याधायऱ्यात दाखवू नका बापा. लोकं हासतीन.”

बूट निघून गेले. मी खरारा झाडला, केसांचा एक गोळा खाली पडला. खरूज नव्हती. हे मला माहीत होतं, तरी मी कुडामागून बाहेर आले नाही.

आमच्याकडे लग्न लागायच्या आधी नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारोतीच्या देवळात जातो. त्याला परण्या म्हणतात. घोडी बहुतेक भाड्याची असते, लग्नसराईत एका संध्याकाळी दोन-तीन नवरदेव वाहणारी. मोठेबाबांच्या स्वतःच्या परण्याच्या वेळी भाड्याची घोडी ऐन वेळी दुसऱ्याच नवरदेवाला घेऊन गेली, आणि ते बाशिंग बांधून पायी मारोतीला गेले. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, ही गोष्ट घरातल्या प्रत्येक लग्नात सांगते, आणि प्रत्येक वेळी त्यांची चाल करून दाखवते. त्यामुळे मुलाचा परण्या घरच्या घोडीवरच निघणार, हे मोठेबाबांनी कधीचं ठरवून टाकलं होतं. गेल्या हिवाळ्यात ते चिखलदऱ्याला गेले. तिथे पर्यटकांना पॉइंटांवर फिरवून आणणारा एक जण धंदा बंद करत होता. त्याच्याकडून त्यांनी ही घोडी आणली. घोडी म्हणायचं, पण खरं तर तट्टूच. ठेंगणी, राखाडी, रुंद पाठीची, आणि अंगावर अस्वलासारखे दाट केस.

मोठेबाबांच्या गावात, चांदूर बाजारात, तिचं कौतुक झालं. “गोधडी पांघरून आली,” असं गल्लीतल्या बायका म्हणाल्या.

मी अमरावतीत, राजापेठेत वाढले. खाली शिकवण्या, वर शिकवण्या, रस्त्यावर दिवसभर गाड्यांचे हॉर्न. शाळा इंग्रजी. माझं काम लॅपटॉपवर चालतं, कुठूनही करता येतं, म्हणून लग्नाच्या तयारीला हातभार लावायला आईनं मला मोठेबाबांच्या घरी पाठवलं. हातभार म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायची. “लाजते पोरगी,” असं मोठी आई सगळ्यांना सांगायची. मी लाजत नाही. मला लोकांच्या तोंडाकडे पाहत वाक्य पूर्ण करता येत नाही, एवढंच. ती वेगळी गोष्ट आहे. गोठ्यात पाहुणे येत नव्हते, म्हणून मी गोठ्यात जाऊ लागले. घोडीबद्दलचं माझं सगळं प्रेम असं सुरू झालं. सुरुवातीला त्यात घोडी फारशी नव्हतीच.

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. एका सकाळी मी तिच्या मानेवरून हात फिरवला तर मूठभर केस हातात आले. दुखलं असेल म्हणून मी हात मागे घेतला. तिनंच मान माझ्या हाताकडे रेटली. पुन्हा मूठभर. आधी मान, मग खांदे, मग पाठीवर हे एवढाले चट्टे. उरलेले केस पुंजक्यापुंजक्यांनी लोंबायला लागले. पिंजारी पिंजता पिंजता उठून गेला की गादी जशी दिसते तशी ती दिसायची. धुळीत लोळायची आणि उठली की अर्धं अंगण केसांचं.

घाबरून मी आधी कातडीच पाहिली. केस बोटांनी बाजूला सारून, चट्ट्याचट्ट्याला, मोबाइलचा उजेड पाडून. जखम नव्हती, खपली नव्हती. खाज असती तर ती खुंटाला अंग घासत बसली असती. तसंही नव्हतं. आणि जिथले केस गेले होते तिथे खाली दुसरे होते. बारीक, आखूड, अंगासरशी बसलेले आणि चमकणारे.

गोठ्यात बैलांचा जुना लोखंडी खरारा होता. तो मांसल भागावर बरा, पण पाठीच्या कण्यावर आणि पायांवर टोचायचा. तिथे मी नारळाची शेंडी वापरली. गोल गोल घासायचं, केस सैल करायचे, मग ओल्या गोणपाटाचा बोळा करून केसांच्या दिशेनं पुसून घ्यायचे. बोळा पिळायचा, पुन्हा पुसायचं. सकाळी उन्हाआधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. हात भरून यायचे. दुसऱ्या सकाळी पाहावं तर तेवढेच केस पुन्हा उभे.

आणि मग कुरड्या. मोठ्या आईनं गच्चीवर खाटांवर जुनी पातळं अंथरून कुरड्या घातल्या होत्या. त्या दिवशी खाली अंगणात मी खरारा करत होते आणि वारा सुटला. तिची हाक अख्ख्या गल्लीनं ऐकली असेल.

“काय वं माय! कुरडीत घोडी घातली तुनं!”

दुपारभर आम्ही दोघी गच्चीवर बसून ओल्या कुरड्यांमधून केस वेचले. ती वेचता वेचता बोलत होती. “अकोल्याच्या पाव्हन्याईले वाढतो हे कुरडी. म्हणतो, घ्या, आयाळ लावून तळली.” मला हसू आलं. ती मात्र हसली नाही. “हासू नको. तुह्या मोठेबाबाचं तोंड पाह्यलं का? त्या मामानं खरजुली म्हनलं तवापासून जेवत नाही धड.”

मी तेव्हा म्हणाले, “मोठी आई, खरूज नाही ती.” पण खाली कुरडीकडे पाहत म्हणाले, आणि तेवढ्यात तिनं मला खाटेचं दुसरं टोक धरायला सांगितलं.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मी पाहिलं तसंच पाहिलं, केस सारून. थंड हवेतलं जनावर आहे, हिवाळी केस टाकतंय, खाऊ घाला आणि खरारा करत राहा, असं सांगितलं, चहा घेतला, गेले. सुई दिली नाही. मोठेबाबांच्या हिशेबी ही तपासणी झालीच नाही. “सुई नाही, गोळी नाही, मलम नाही. डॉक्टर होता का सोयरा होता?”

त्यांचंही पूर्ण चुकत नव्हतं. आमच्या भागातल्या घोड्यांना मुळात केसच बेताचे. ते कधी गळतात आणि कधी येतात, कोणाच्या लक्षात येत नाही. चिखलदऱ्याची तट्टं चिखलदऱ्यातच म्हातारी होतात, खाली उतरत नाहीत. अंगावर हिवाळा घेऊन चांदूर बाजारच्या उन्हात आलेलं जनावर इथे कोणी पाहिलंच नव्हतं. इथे केस झडलेलं जनावर म्हणजे खरजुलं कुत्रं. आणि खरजुल्या कुत्र्यावर उपाय एकच, गॅरेजमधलं जळकं ऑइल.

तो उपाय एका संध्याकाळी डब्यातून घरी आला. मोठेबाबांनी डबा गोठ्याच्या दाराशी ठेवला आणि सकाळी लावू म्हणाले. उन्हात, नव्या कोवळ्या केसांवर, काळं जळकं तेल. मी भांडले नाही. सगळे जेवायला बसायच्या आधी मी डबा उचलला आणि मागच्या वाडीत रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, ढिगात आतवर खुपसून ठेवला. पऱ्हाटीच्या काट्याकुट्यांनी हात ओरबाडले.

“डबा कोनं नेला?” सकाळी मोठेबाबांनी सगळ्यांना विचारलं. सालावर कामाला असलेल्या सालदाराला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं. मला विचारलं नाही. लाजरी समजल्या जाणाऱ्या मुलीचा हा एक फायदा असतो. मी चहात पोळी बुडवून खात होते. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

नवरदेव, म्हणजे माझा चुलत भाऊ, पुण्याला नोकरीला. मी त्याला फोन केला. बोलायचं काय ते आधी मनात जुळवून घेतलं. “दादा, घोडी चांगली आहे. तू मोठेबाबांना सांग ना.”

“अवं, मले बुलेटवर बसवा, बंडीत बसवा. मारोतीले काय फरक पडते?” तो म्हणाला आणि हसला. त्याचंही खरं होतं. फरक त्याला पडत नव्हता.

मग अकोल्याहून फोन आला. मोठेबाबा अंगणात येरझारा घालत ऐकत होते, “हो”, “बरं”, “तुमी म्हणता तसं” म्हणत होते. लग्न अकोल्याला, मुलीकडे होतं, आणि मामांनी तिथेच पांढरीशुभ्र घोडी ठरवून टाकली होती. झूल, छत्री, सगळ्यासकट. तुमची तिथंच राहू द्या, म्हणाले. मोठेबाबांनी फोन खिशात ठेवला, नळाखाली तोंड धुतलं आणि पंच्यानं पुसलं.

“विकून टाकू,” ते मोठ्या आईला म्हणाले. “बाजारातल्या व्यापाऱ्याले सांगतो. तो उद्या घेऊन जाईन.”

“कोन घेते खरजुलं जनावर?”

“वीटभट्टीवाले घेतात.”

मी दारात होते. वीटभट्टी मी पाहिली आहे. पाठीवर दोन बाजूंना विटा, धूळ, आणि पाठीवरचे घट्टे, ज्यांच्यावर केस पुन्हा येत नाहीत. मी आत गेले, लॅपटॉप उघडला, बंद केला, आणि गोठ्यात गेले. त्या संध्याकाळी मी जेवढा घासला तेवढा खरारा पुन्हा कधी घासला नाही. रागानं घासत होते, आणि घोडीला ते आवडत होतं. ती डोळे मिटून, खालचा ओठ लोंबवून उभी होती. मान निघाली, खांदे निघाले, पाठ निघाली. खालचे नवे केस राखाडी नव्हतेच, चंदेरी होते. पोट आणि मागचे पुठ्ठे मात्र राहिले, केस तिथे अजून दाट होते.

दुसऱ्या दिवशी व्यापारी पिकअप गाडी घेऊन आला. त्यानं घोडीभोवती चक्कर मारली, दात पाहिले, खूर उचलून पाहिले. मग मागे उभा राहून हसला.

“हे काय जनावर हाये भाऊ? अर्धी घोडी, अर्धी बकरी.”

सालदार हसला. कुंपणापाशी जमलेले शेजारी हसले. मोठेबाबाही थोडेसे हसले, आणि तेच मला सहन झालं नाही. हीच घोडी दाखवायला ते सोयऱ्यांना हात धरून गोठ्यात नेत होते.

“खरूज हाये,” ते व्यापाऱ्याला म्हणाले. “लपवत नाही तुमच्यापासून. पाहून सांगा काय द्याचं ते.” मग माझ्याकडे वळले. “बाई, दावं सोड तिचं.”

मी दावं सोडलं. सोडून हातात धरलं. गोठ्यातून बाहेर आले, तशी घोडी माझ्या मागे आली. सगळे माझ्याकडे पाहत होते. व्यापाऱ्यानं हात पुढे केला. मी दावं मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलं.

“दे ना माय,” मोठेबाबा म्हणाले. “कायची वाट पाहून राहिली?”

मोठी आई पायरीवर आली होती. मी घोडीच्या पोटावरचा एक पुंजका धरला, ओढला, तो अलगद हातात आला, आणि त्याच्या खालची कातडी मी मोठेबाबांना दाखवली. गुळगुळीत, कोरडी, चकचकीत. त्यांनी पाहिलं. बोट लावून पाहिलं. मग व्यापाऱ्याकडे पाहिलं, कुंपणावरच्या लोकांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, “पण केस तं गळून राहिले ना तिचे.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“माये बी गळून राहिले, मोठेबाबा. रोज फणीत गुच्छा निघते. मले बी चढवा ह्या गाडीत. नाहीतं घोडी कोठी जात नाही. दादा हिच्यावरच बसून मारोतीले जाते. अकोल्याच्या मामाले लाज वाटत असन, तं सांगा त्याईले, तेवढ्या टायमाले डोळे मिटून घ्या म्हणा.”