ह्यांना चालत नाही

घड्याळवाल्या काकांचा चढलेला आवाज उभ्या जन्मात कुणी ऐकला नव्हता. उमेदीची सगळी वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. शिंक आली तरी तोंड फिरवून, बेतानं. समोर राईएवढे स्क्रू मांडलेले असायचे ना! गिऱ्हाईक उगाच भांडायला लागलं तर काका त्यालाच पाणी विचारायचे. गरीब गाय म्हणतात, तसा माणूस. आणि या गायीला घरातला भाडेकरू वाघ समजत होता!

त्याचं झालं असं. लेक लग्न होऊन गेली, तिची खोली रिकामी पडली. दुकानही बंद केलेलं. काका दिवसभर बुद्धिबळाचा पट मांडून स्वतःशीच खेळायचे. त्यात कसली आलीय गंमत? जिंकलं तरी हरणारे आपणच. म्हणून काकूंनी "खोली भाड्यानं देऊ या का?" म्हटल्याबरोबर काकांनी मान डोलावली, ती भाड्यासाठी नव्हे. त्यांना खेळायला जोडीदार हवा होता.

लिफ्ट दुरुस्त करणारा एक तरुण राहायला आला. पट बघून पहिल्याच दिवशी म्हणाला, "अरे वा, बुद्धिबळ! मी पण खेळतो." काकांना आभाळ ठेंगणं झालं. पण पठ्ठ्या बसलाच नाही. उद्या नाही, परवा नाही. पुढेपुढे तर काका बाहेरच्या खोलीत आले की हा चपला घालून पसार. काका त्याच्याकडे बघून हसले तर आणखीच घाबरायचा. काकांनी आरशात जाऊन आपलं हसू तपासलं. दात जागच्या जागी होते.

एका रविवारी काका बाल्कनीत टॉवेल वाळत घालत होते. शेजारच्या खिडकीत लिफ्टवाला आईशी फोनवर बोलत होता.

"काकू म्हणजे देवमाणूस गं. पण काका! भिंतीला खिळा चालत नाही, गाणी चालत नाहीत, मित्र आलेला चालत नाही, आंघोळीला गरम पाण्याची दुसरी बादली चालत नाही. काकू बिचाऱ्या चोरून चहा देतात. म्हणतात, ह्यांना कळू देऊ नकोस. एक तारखेला मी दुसरीकडे जातोय."

काकांच्या हातातला टॉवेल थेट खाली रस्त्यावर. अहो, गाणी तर त्यांना जीव की प्राण! खिळा त्यांनी स्वतः ठोकून दिला असता.

मग एकेक उलगडायला लागलं. काकूंना कुणालाच तोंडावर नाही म्हणता यायचं नाही. शेजारीण शिडी मागायला आली, "ह्यांना नाही हो चालत." नणंदेनं मुक्कामाचा विषय काढला, तेच. चांगुलपणा सगळा काकूंचा, वाईटपणा काकांचा. काकांची सख्खी बहीणसुद्धा त्यांच्याशी जपून का बोलायची, ते आज कळलं.

काका स्वयंपाकघरात गेले. "अगं, मला काय काय चालत नाही, ते एकदा मलाही सांगून ठेव."

काकू चमकल्या, पण क्षणभरच. "मग मी नाही म्हणू लोकांना? मला काय म्हणतील?"

"आणि मला म्हणतात त्याचं काय?"

"तुम्हाला कोण काय म्हणतंय? तुम्ही बोलता कुठे कुणाशी?"

"माझ्याशीच कुणी बोलत नाही!" काका म्हणाले. "आता तो पोरगाही चाललाय."



एक तारखेला लिफ्टवाला पिशव्या घेऊन निघाला, तर दारात काका. आवाज असा लागला की खुद्द काकाच दचकले. "कुठे निघालास? मला चालणार नाही! ठेव त्या पिशव्या. बस इथे. पांढरी घे."

लिफ्टवाला मुकाट्यानं खुर्चीच्या कडेवर टेकला आणि थोड्याच वेळात त्यानं आपला वजीर काकांच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला.

"अरे, वजीर मरतोय तुझा!"

"मरू दे काका."

"मनापासून खेळ ना!" काका ओरडले. त्यासरशी त्यानं हत्तीही पुढे केला. काकांना रडू यायचंच बाकी राहिलं. कशासाठी केला हा अट्टाहास?

काकू दारातून बघत होत्या. दोन शब्द बोलल्या असत्या तर काम झालं असतं, पण जन्मभराचा चांगुलपणा पणाला लागत होता. दोनदा आत गेल्या, दोनदा बाहेर आल्या. शेवटी धाडकन बोलल्या, "अरे बाबा, ह्यांनी कध्धी काही म्हटलेलं नाही! खिळा मला नको होता. गाण्यांनी माझं डोकं उठतं. हे तर मुंगीलासुद्धा वाट देऊन चालतात."

लिफ्टवाला आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. "म्हणजे काकू... खडूस तुम्ही?"

"हो, मीच!" काकू कानापर्यंत लाल झाल्या. "आणि दुसरी बादली मिळणार नाही म्हणजे नाही!"

पोरगा खो खो हसत सुटला. मग मांडी घालून नीट बसला. "काका, मघाची चाल परत घेऊ?"

"घे की रे," काका म्हणाले. तासाभरात ते सपाटून हरले. इतके खूश ते लेकीच्या लग्नातही नव्हते.