काय बदललं ते लिहायचं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीतच सुटली. कुणी हे वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत झाडलोट करते. आमची हजेरी त्यांच्याच सॉफ्टवेअरवर लागते. सातच्या आत अंगठा लावला की ते अर्धा दिवस कापायचं. सगळ्यांच्या आधी मीच येते, म्हणून तीन महिने माझा पगार कापला गेला. सांगायला जीभ रेटली नाही. शेवटी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या तन्वीताईंनी ती चूक शोधली.

गेल्या महिन्यात त्या काहीतरी लिहीत होत्या. म्हणाल्या, "मावशी, नवं सॉफ्टवेअर देताना आत काय बदललं ते लिहून द्यावं लागतं."

त्यांचे साहेब मागून म्हणाले, "किरकोळ दुरुस्त्या, एवढंच लिही आणि मोकळी हो."

"किरकोळ? तुमच्या पगारातून कापू का?" ताई म्हणाल्या.



मला नवल वाटलं. बदल सांगायचाही असतो? घरी ह्यांना बीपी निघाल्यापासून मी आमटीत मीठ कमी घालते, पण बोलले नाही. हे रोज म्हणतात, "तुझ्या हाताची चव गेली." घरातल्यांना बदल तेवढा कळतो, कारण कळत नाही.

ताईंनी वाचून दाखवलं, "सातच्या आधी येणाऱ्यांचा अर्धा दिवस चुकून कापला जात होता. आता कापला जाणार नाही." नाव नव्हतं, पण ओळ माझीच होती.

"आणि आधी कापलेले?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ताईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी होकारार्थी मान हलवली. ताईंनी आणखी एक ओळ लिहिली.

ह्या पगारात सगळे पैसे परत आले.